शाळेत सहाय्यक साधनं आणायची आणि टिकवायची: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं मी विशेष शिक्षिका म्हणून तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून फिरतेय. मुख्याध्यापक, पालक, मधूनच एखादे सीएसआरवाले (कंपन्यांच्या सामाजिक निधीतून मदत देणारे), सगळ्यांचे फोनवरचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. क्रम असा काही लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

सहाय्यक साधन म्हणजे नक्की काय? टॅबलेट का?

टॅबलेटपण. पण ज्या वस्तूमुळे पोराला वर्गातलं काम स्वतःचं स्वतः करता येतं ती प्रत्येक वस्तू यात येते. भिंग, ब्रेल पाटी, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, बोलणारं ऍप आणि पेन्सिलीला गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टीसुद्धा. आमच्याकडे एका मुलीचा एकच हात नीट चालतो, लिहायला घेतलं की वही सरकायची. ड्रॉवरमध्ये घालतात ना ती जाळीदार रबरी मॅट, तिचा वीतभर तुकडा वहीखाली ठेवला, प्रश्न संपला. पाचवीपासून आता आठवीत गेली, तुकडा तोच आहे, फक्त काळा पडलाय.

आम्हाला निधी मिळालाय, मार्चच्या आत खर्च करायचाय. काय घेऊ?

हा फोन दर वर्षी फेब्रुवारीत येतो आणि दर वर्षी मी एकच विचारते, मुलं कोण आहेत? समोर "दोन-तीन आहेत मॅडम" असं उत्तर आलं की समजायचं, अजून खरेदीची वेळ आलेली नाही.

आधी त्या मुलाबरोबर एक अख्खा दिवस काढा, परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत. कुठे अडतं ते वहीत लिहा, कामाच्या नावाने लिहा, आजाराच्या नावाने नको. "सेरेब्रल पाल्सी" लिहून काय घ्यायचं ते कळत नाही, "फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत सर पुसतात" लिहिलं की कळतं.

एक उदाहरण सांगते. सहावीतला मुलगा, स्नायू कमजोर होत जायचा आजार, शाळेने त्याच्यासाठी टॅबलेट मागितला होता. मी दिवसभर बसले तर पोरगं सकाळपासून पाणी प्यायलंच नाही. विचारलं तर म्हणाला, शू लागते मग. शौचालयाला दोन पायऱ्या आणि आत धरायला काही नाही. त्याला पहिली गरज होती एका उताराची आणि भिंतीला लावलेल्या पाइपाची, गवंड्याने दोन दिवसांत केलं. टॅबलेट नंतर आला, चांगला वापरतोही, पण आधी टॅबलेट आला असता तर फोटो काढून आम्ही सगळे खूश झालो असतो आणि पोरगं तहानलेलंच राहिलं असतं.

पैसे कुठून येतात?

समग्र शिक्षा अभियान या सरकारी शालेय योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद धरलेली असते. ते पैसे मुलाच्या हातात पडत नाहीत, त्यात साधनं, तपासणी शिबिरं, साहित्य असं सगळं बसवायचं असतं, आणि आराखडा वर जातो तेव्हा तुमच्या शाळेची मागणी त्यात नसेल तर पुढचं वर्ष गेलं. दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये, १० महिने, हा प्रोत्साहन भत्ता वेगळा.

दुसरा रस्ता दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेचा, १९८१ पासून चालू आहे. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी साधनं बनवते, शाळेतल्या मुलांच्या शिबिरांत खर्चाचा ६० टक्के वाटा एडिपचा आणि ४० टक्के समग्र शिक्षाचा असतो. यातली एक गोष्ट पालकांना हमखास माहीत नसते. एकदा साधन मिळालं की त्याच कामासाठी पुन्हा मागायला तीन वर्षं थांबावं लागतं, पण १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एकच वर्षाची आहे, कारण मूल वाढतं. तेव्हा "गेल्या वेळी घेतलंय ना" म्हणून कुणी हाकललं तर वय दाखवा.

तिसरा, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी वापरायचा असतो. उतार, कठडा, शौचालय, बॅटऱ्या असल्या गोष्टींना हा सगळ्यात उपयोगी, ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या.

सीएसआरवाले येतील, येऊ द्या. फक्त त्यांना वाटपाच्या दिवसाआधी विचारायचं की दुसऱ्या वर्षीच्या बॅटऱ्या आणि दुरुस्ती कोण देणार. काही जण तिथेच गप्प होतात. काही जण मात्र खरंच थांबतात आणि आकडा विचारतात, तेवढ्यांना धरून ठेवा.

दिव्यांग प्रमाणपत्र नाही किंवा यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड आलं नाही. तोवर थांबायचं का?

अजिबात नाही. योजनेतून साधन घ्यायला ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं हे खरं, पण मुलाला पुढच्या बाकावर बसवायला, मोठ्या अक्षरात प्रश्नपत्रिका द्यायला, तिरपं डेस्क बनवायला कुठलाही कागद लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यातल्या अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळायला तर जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे पडतात. तोपर्यंत पोराची दोन इयत्ता होतात. एनसीईआरटीचं प्रशस्त नावाचं ऍप आहे, शिक्षकांनी निरीक्षण करून भरायचं, त्याने निदान होत नाही पण कुणाला पुढे पाठवायचं ते कळतं.

ज्याचं प्रमाणपत्र आहे त्याला याच कायद्याच्या कलम १७ नुसार वयाच्या १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, साहित्य आणि योग्य ती साधनं मोफत मिळायला हवीत. कुणी उपकार करत असल्याचा आव आणला तर हे कलम आठवायचं.

शिबिरात मिळालेली व्हीलचेअर लहान पडतेय. परत करायची का?

मोजमाप शिबिर आणि वाटप यात महिने जातात आणि दहा वर्षांचं पोर तेवढ्यात दोन बोटं वाढतं. मोजमापाच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा, मांडीची लांबी आणि कमरेची रुंदी स्वतःच्या वहीत लिहून घ्या, म्हणजे वाटपाला काय आलं ते ताडून बघता येतं. पाय लोंबकळत असतील तर पायठेवणी खालीवर होते, नटबोल्ट असतो, तिथेच करून घ्या. मोठी खुर्ची घेऊन "वाढेल त्यात" म्हणणारे खूप भेटतात, पण खुर्ची म्हणजे युनिफॉर्म नव्हे, ढगळ खुर्चीत पोर एका बाजूला कलंडून बसतं आणि पाठ वाकडी होते. खरंच लहान झाली तर तालुक्यातल्या दुसऱ्या मुलाकडे वळती करता येते, गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रात, तशी नोंद करून.

श्रवणयंत्र आहे पण पोरगी घालतच नाही. हट्टी आहे का?

हट्टी नाही हो. शंभरातल्या बहुतेक वेळा यंत्रातच काहीतरी असतं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांबड लावते.

पहिला संशय साच्यावर. कानात बसणारा तो मऊ साचा मुलाच्या कानाच्या मापाचा असतो, कान वाढला की सैल होतो, सैल झाला की आवाज बाहेर निसटून परत माइकमध्ये जातो आणि यंत्र शिट्टी मारतं. मास्तर म्हणतात ते बंद कर आधी, पोरगी काढून दप्तरात टाकते. वाढत्या वयात साचा नवा करायलाच लागतो, यंत्र तेच राहतं. साच्याची नळीपण कडक होते, पिवळी पडते, ती बदलायला काहीशे रुपयेही लागत नाहीत.

दुसरी बॅटरी. त्या छोट्या गोल बॅटऱ्या हवेवर चालतात, वरचा रंगीत स्टिकर सोलला की हवा आत जाते आणि त्या क्षणापासून बॅटरी उतरायला लागते, यंत्र चालू असो नाहीतर बंद. एका शाळेत मॅडमनी प्रेमाने सहाच्या पाकिटातले सगळे स्टिकर एकदम काढून डबीत भरून ठेवले होते, "मुलीला काढता येत नाहीत म्हणून". पंधरा दिवसांत सहाच्या सहा मेल्या. आकार दोन जास्त दिसतात, केशरी स्टिकरची १३ नंबर आणि निळ्या स्टिकरची ६७५, मोठी. नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, मेडिकलवाल्याला "कानाच्या मशीनची" एवढं सांगून चालत नाही. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवायचं.

तिसरा घाम आणि पाऊस. कोकणात तर जून ते सप्टेंबर यंत्राचं मरण असतं. घट्ट झाकणाची प्लास्टिकची डबी, आत बुटाच्या खोक्यात मिळतात त्या सिलिकाच्या पुड्या, रात्री यंत्र त्यात. हेअर ड्रायरने वाळवायचं नाही, एकाने वाळवलंय.

आणि रोज सकाळी एक मिनिट. मुलीच्या मागे उभं राहायचं किंवा तोंडासमोर वही धरायची, म्हणजे ओठ वाचता येणार नाहीत, आणि सहा आवाज काढायचे: आ, ई, ऊ, म, स, श. ऐकू आला की तिने खडा टाकायचा किंवा तोच आवाज परत काढायचा. यात बारीक आवाजापासून घोगऱ्यापर्यंत बोलण्यातला सगळा पट्टा येतो. काल सहाही येत होते आणि आज स-श येत नाहीत म्हणजे नळीत मळ किंवा बॅटरी किंवा सर्दी, शोधा. एका शाळेत हे काम मी तिच्या मैत्रिणीला दिलं, तिसरीतली मुलगी, ती एक दिवस चुकवत नाही, सर चुकवतात.

हे सगळं करूनही घालत नसेल तर यंत्राचं सेटिंग बघायला ऑडिओलॉजिस्टकडे न्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. आणि वर्गाचं छतही बघा, पत्रा असेल तर पावसात आपल्यालाच ऐकू येत नाही, यंत्रात तर नुसता धबधबा.

लॅपटॉपवर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून वाचणारा प्रोग्रॅम) टाकला पण आमच्या मराठी नोट्स वाचतच नाही. सॉफ्टवेअर खराब आहे?

सॉफ्टवेअर ठीक आहे, तुमच्या नोट्स जुन्या फॉन्टमध्ये आहेत. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ मध्ये सुरू केला, त्याच्याबरोबर येणारा आवाज मराठी बोलतो, यंत्रासारखा बोलतो पण पोरांना आठवड्यात सवय होते आणि मग ती तो एवढ्या स्पीडला ऐकतात की आपल्याला काही कळत नाही. पेन ड्राइव्हवरूनही चालतो, म्हणजे कॉम्प्युटर लॅबवाल्या सरांची इन्स्टॉल करायची परवानगी मागत बसायला नको.

गडबड आहे ती कृतिदेव, श्रीलिपी असल्या फॉन्टांची. त्यात कागदावर मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला "मराठी" हा शब्द स्क्रीन रीडरला दिसतो ई-जे-के-बी-एच. बिचारा तसाच वाचतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सऍपमध्ये पेस्ट करा. मराठी आली तर युनिकोड, म्हणजे आतही मराठी अक्षरंच साठवलेली, चालेल. इंग्रजी कचरा आला तर जुना फॉन्ट, कन्व्हर्टर वापरा आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ओळ सिलेक्टच होत नसेल तर तो फोटो आहे. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिकेचा मोबाईलने काढलेला फोटो ग्रुपवर टाकला की अंध मुलाच्या दृष्टीने ती प्रश्नपत्रिका आलेलीच नाही.

शाळेने एकच नियम करावा, जूनपासून जे काही टाइप होईल ते युनिकोडमध्ये. याला एक रुपया लागत नाही आणि तरी माझ्या अनुभवात हेच करून घेणं सगळ्यात अवघड गेलंय, कारण टायपिंग करणाऱ्या काकांचा हात बसलेला असतो.

पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी २०१६ पासून आहे, तिथे मुलाचं नाव नोंदवून घ्या.

मोबाईल सगळं वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला शिकवायचं?

ऐकून गोष्ट कळते, शुद्धलेखन कळत नाही. "दिन" आणि "दीन" कानाला सारखेच. गणित तर ऐकून होतच नाही, भागाकार मांडायला बोटांखाली आकडे लागतात. ब्रेल पाटीवर टोचणीने उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं, शिकवणाऱ्याला चक्कर येते, पोरं पटकन शिकतात. पाटी-टोचणी स्वस्त आहे, चार्जिंग लागत नाही, पडली तरी फुटत नाही. पहिली ते चौथी ब्रेल पक्कं, पाचवीपासून हळूहळू लॅपटॉप, आणि दोन्ही चालू ठेवायचं, असं माझं मत. सगळ्यांना पटत नाही.

न बोलणाऱ्या मुलाला ऍप दिलं तर तो बोलायचा प्रयत्नच सोडून देईल ना?

ही बहुतेक घरच्या आजीची भीती. मूल प्रयत्न सोडत नाही, उलट पहिल्यांदा कुणाला तरी आपलं कळतंय म्हटल्यावर आवाज जास्त काढायला लागतो. जेलो नावाचं ऍप आयआयटी मुंबईत तयार झालंय, मोफत आहे, मराठीत आहे. पण त्याआधी पुठ्ठ्यावर आठ-दहा चित्रं चिकटवून सुरुवात करा, पुठ्ठा पाण्यात पडला तर दुसरा.

चित्रं कुठली ते आईला विचारा. घरात भाकरी असेल तर पोळीचं चित्र काय कामाचं, घरात अहिराणी चालत असेल तर खाली शब्दही अहिराणीच. आणि "नको" हे चित्र पहिल्या दिवसापासून हवंच. शाळेने बनवलेल्या बहुतेक बोर्डांवर पाणी, जेवण, शू, सगळं असतं, "नको" नसतं. एका मुलाला आम्ही ते दिलं तर त्याने पहिला आठवडाभर सगळ्यालाच नको लावलं, मला बघूनसुद्धा.

साधन घरी न्यायला द्यायचं का? हरवलं तर?

द्यायचं. शाळेत सहा तास ऐकू येणारं आणि घरी गेल्यावर बहिरं, असं मूल असतं का कुठे?

मुख्याध्यापकांची भीती मला कळते, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या वहीत, नोंद आहे, ऑडिटला वस्तू दाखवावी लागते. म्हणून कपाटात. मी एका शाळेत ब्रेलरचं (ब्रेल टाइप करायच्या यंत्राचं) कपाट उघडायला सांगितलं तर किल्ली ज्यांच्याकडे त्यांची बदली होऊन दीड वर्ष झालेलं. कुलूप तोडलं, ब्रेलर पिशवीतच होता, वर शाळेचं नाव ऑइलपेंटने सुंदर लिहिलेलं.

उपाय असा की जे साधन मुलाच्या नावाने मंजूर झालंय ते मुलाचंच, त्याची नोंद वाटप रजिस्टरला पालकाच्या सहीने करा. जे शाळेचं आहे ते घरी देताना साधा कागद करा, शाळा व्यवस्थापन समितीच्या मासिक सभेत ठराव घ्या की वापरात खराब झाल्यास पालकाकडून वसुली नाही. ठराव झाला की मुख्याध्यापकांची झोप परत येते.

दुरुस्ती कोण करणार?

व्हीलचेअर आणि तीनचाकी: गावातला सायकलवाला. पंक्चर, स्पोक, ब्रेकची केबल, सगळं करतो, फक्त त्याला बिल द्यायची सवय नसते तेवढं बघा. लॅपटॉप: तालुक्याला. श्रवणयंत्र: जिल्ह्याला, आणि तोवर मूल काय करणार, म्हणून तालुक्याला एखादं जादा यंत्र ठेवायला हवं.

बजेट करताना माझा हिशोब ठोकळ आहे, साधनाला शंभर रुपये लागणार असतील तर वर्षाला वीस-पंचवीस रुपये बॅटऱ्या, साचे, ट्यूब आणि एसटी भाड्यासाठी बाजूला. एसटी भाडं लिहायला विसरू नका, दुरुस्तीपेक्षा आईचा बुडालेला रोज महाग पडतो.

शिक्षकांची बदली झाली की सगळं बंद पडतं. काय करावं?

पडतंच. म्हणून एका माणसावर कधीच ठेवू नका, वर्गशिक्षक आणि अजून एक, तो अजून एक शिपाईदादा किंवा पोषण आहाराच्या ताई असल्या तरी चालतील, त्यांची बदली होत नाही. प्रत्येक मुलाचं एक पानच करा: साधन कुठलं, बॅटरीचा नंबर काय, कुठे दुरुस्त होतं, सकाळी काय तपासायचं, मुलाला काय आवडत नाही. एकच पान, दुसरं कुणी वाचत नाही. जूनमध्ये चार्ज देताना ते पान चार्ज यादीला जोडा.

सगळ्या शिक्षकांना एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं, पुरे ना?

जेवण चांगलं होतं असं सगळे सांगतात. एका दिवसापेक्षा दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत वीस मिनिटं मागून घ्या आणि एकच गोष्ट हातात घेऊन करायला लावा, पुढच्या महिन्यात दुसरी.

बाकीची मुलं चिडवतात, पालक म्हणतात त्यालाच का लॅपटॉप.

यंत्र पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला हाताळू द्या. कुतूहल संपलं की चिडवणं बरंच संपतं. पालकांना सांगायचं, तुमच्या पोराला चष्मा लागला तेव्हा कुणी विचारलं का.

बोर्डाच्या परीक्षेत चालतं का?

दहावीला लेखनिक, जादा वेळ अशा सवलती आहेत, तासाला २० मिनिटं या हिशोबाने, प्रकारानुसार बदलतात. अर्ज वेळेत करा. पण मूल जे साधन वर्षभर वापरत नाही ते परीक्षेत अचानक देऊ नका. लेखनिकाला सांगून लिहून घेणं हेही शिकावं लागतं, आठवीपासून घटक चाचणीला सराव सुरू करा.

कार्यक्रम नीट चाललाय हे कसं ओळखायचं? किती वाटप झालं ते तर कळवतोच.

वाटपाचा आकडा वर पाठवायला ठीक. मी बॅटऱ्या मोजते. श्रवणयंत्र असलेल्या मुलाकडून तीन महिने कुणी बॅटरी मागितली नाही म्हणजे यंत्र ट्रंकेत आहे, फोन न करता सांगते. व्हीलचेअरची चाकं बघा, रबर झिजलेलं असेल तर आनंद. ब्रेल पाटीबरोबर कागद संपला का ते विचारा. नवंकोरं साधन दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

सातवीनंतर मूल हायस्कूलला जातं, साधन आमच्याकडे ठेवायचं का?

मुलाबरोबर जाऊ द्या, वळतं करायचं पत्र द्या, एप्रिलमध्येच, जूनमध्ये कुणी भेटत नाही. आणि मुलाला घेऊन एकदा नवीन शाळेत जाऊन या. यंदा मी एका मुलाला घेऊन गेले, स्नायूंच्या आजाराचा तोच, आता व्हीलचेअरवर आहे. खुर्ची गेली, टॅबलेट गेला, ते एक पान गेलं, सर चांगले आहेत, त्यानेच त्यांना टॅबलेटवर फळ्याचा फोटो कसा घेतो ते दाखवलं. आठवीचा वर्ग मात्र पहिल्या मजल्यावर. वर्ग खाली आणतो म्हणालेत मुख्याध्यापक, पण वेळापत्रक लागून गेलंय म्हणून दिवाळीनंतर. तोवर दोन मित्र उचलून नेतात. दिवाळीनंतर पहिल्याच सोमवारी जाऊन बघणार आहे.